वाचायला वेळ कुठे बसवायचा, आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या पलीकडे कुठून शिरायचं?

पानखूण

नमस्कार मंडळी. प्रश्न तीन आहेत, पण एकमेकांत अडकलेले, म्हणून एकाच धाग्यात टाकते.

परिस्थिती अशी: नोकरी, घर, शाळेतलं एक मूल. लोकलचा प्रवास जाताना ५० मिनिटं, येताना तेवढाच. सकाळी बहुतेक उभ्यानं, संध्याकाळी निम्म्या वेळा बसायला मिळतं. रात्री साडेदहानंतरचा वेळ माझा, पण आडवं होऊन पुस्तक उघडलं की चौथ्या पानावर डोळे मिटतात. आजवरचं वाचन म्हणजे ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्या, थोडे पुलं, थोडी चरित्रं. सध्या ७०० पानांची एक कादंबरी हातात आहे. दोन महिन्यांत १२० पानं झाली आणि दर वेळी उघडल्यावर मागचं आठवत नाही.

१. अशा दिवसात वाचन नेमकं कुठे बसवायचं? ('पहाटे पाचला उठा' सोडून काहीही सांगा.)
२. विज्ञानकथा, रहस्य, गूढ, निसर्गलेखन, नाटक, कविता यांतलं काहीच धड वाचलेलं नाही. प्रत्येकाचा उंबरा कुठला?
३. पुस्तक रेंगाळलं तर सोडावं की रेटावं?

पुस्तकं मराठीच हवीत, अनुवाद चालतील. विकत घेण्यापेक्षा वाचनालय बरं पडेल.

घड्याळजी

आधी हिशेब करू. डेमी आकाराच्या (नेहमीच्या कादंबरीच्या मापाच्या) मराठी पुस्तकात पानावर २८-३० ओळी आणि ओळीत ९-१० शब्द असतात, म्हणजे पानाला २५० ते ३०० शब्द. मिनिटाला १५० ते २०० शब्द हा निवांत वेग धरला तर एका पानाला साधारण दीड मिनिट. वीस मिनिटांत १२-१३ पानं. महिन्यातून २५ दिवस जमलं तरी ३०० पानं होतात, म्हणजे एक मध्यम कादंबरी किंवा दोन छोटी पुस्तकं.

आता तुमचं पाहा. ६० दिवसांत १२० पानं म्हणजे रोज दोन पानं, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. सातशे पानांच्या कादंबरीत पन्नासेक पात्रं, चार गड आणि दोन दरबार असतात. रोजच्या तीन मिनिटांत त्यातलं काही डोक्यात राहत नाही. तुमचा वेग कमी नाही, पुस्तक चुकीच्या वेळेत बसवलंय.

स्वतःचा वेग एकदा मोजून घ्या. मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा, नेहमीसारखं वाचा, पानं मोजा. एकदा घरी बसून आणि एकदा गाडीत मोजा, कारण गाडीतला आकडा निम्म्यावर येऊ शकतो. तो आकडा माहीत असला की पुस्तक उचलतानाच कळतं, हे दहा दिवसांचं काम आहे की तीन महिन्यांचं.

मग दिवसातल्या वेळेचे तीन भाग पाडा: उभ्याचा, बसल्याचा आणि आडव्याचा. प्रत्येकाला वेगळं पुस्तक.

उभ्याचा वेळ (सकाळची गाडी): एक हात कडीला, म्हणजे पुस्तक एका हाताचं हवं. दीडशे पानी पेपरबॅक पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम भरतं, तुमची ७०० पानी बांधीव कादंबरी किलोच्या आसपास असणार. ती गर्दीत उघडणं म्हणजे शेजारणीच्या खांद्याला शिक्षा. इथे लघुकथा, छोटे लेख, स्फुटं ठेवा. १२-१५ पानांची कथा एका प्रवासात संपते आणि दुसऱ्या दिवशी मागचं आठवायची गरज राहत नाही.

बसल्याचा वेळ (संध्याकाळी जागा मिळाली तर, नाहीतर मुलाच्या क्लासबाहेरची अर्धीपाऊण तासाची वाट): इथे कादंबरी. सलग २५ मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल तर जाड कादंबरी उघडूच नका.

आडव्याचा वेळ (रात्र): आधी वाचलेलं पुस्तक पुन्हा, किंवा दोन कविता. झोप लागली तरी नुकसान नाही. नवी कादंबरी रात्री आडवं होऊन सुरू करणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा: शेवटची दोन पानं अर्धवट झोपेत वाचली जातात, दुसऱ्या रात्री तीच पुन्हा वाचावी लागतात, आणि आपण कंटाळलो असं वाटायला लागतं.

'मागचं आठवत नाही' यावर उपाय अगदी साधा. खूण म्हणून कोरी चिठ्ठी ठेवा आणि थांबताना त्यावर एक ओळ लिहा: कोण, कुठे, काय अडलंय. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पात्रांची नावं आणि नाती. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलसुद्धा लावू नका, चिठ्ठीच बरी. आणि प्रकरण संपल्यावर थांबण्यापेक्षा नव्या प्रकरणाची दोन पानं वाचून थांबा. गाडी उतारावर उभी केली की पुन्हा सुरू करायला ढकलावी लागत नाही.

चाळिशी

रात्री चौथ्या पानावर डोळे मिटण्यामागे दर वेळी झोपच असते असं नाही. वय चाळिशीच्या पुढे असेल तर जवळचं दिसायला डोळ्यांना जास्त ताण पडतो आणि तो 'झोप आली' म्हणूनच जाणवतो. ओळखायची खूण: पुस्तक नकळत लांब धरलं जातं, आणि दुपारी उजेडात जी छपाई वाचता येते ती रात्री पुसट वाटते. नंबर तपासून घ्या.

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी एक अडचण. त्यात जवळचं दिसणारा भाग काचेच्या तळाशी असतो. टेबलाशी बसून नजर खाली जाते तेव्हा तो उपयोगी पडतो. उशीवर डोकं टेकलं की नजर काचेच्या मधल्या भागातून जाते, अक्षर धूसर होतं, मग माणूस हनुवटी वर करून वाचतो आणि मान धरते. आडवं होऊन वाचायचंच असेल तर फक्त जवळच्या नंबरचा साधा चष्मा उशाशी ठेवा.

दिवा मागून, खांद्याच्या बाजूने पानावर पडेल असा हवा. छताची ट्यूब समोर असेल तर गुळगुळीत कागदावर चमक येते. पाठ टेकून बसलात तर झोपेपर्यंत काही पानं जास्त होतात, हे घड्याळजींच्या गजरानेच तपासता येईल.

काळामांजर

प्रश्न दोनमधला रहस्य-गूढ-विज्ञान हा तुकडा माझा.

पहिलं म्हणजे हे वेगवेगळे प्रकार आहेत, आणि गूढाला लागूनच भयकथाही येते. 'थरारक' या एका कपाटात सगळे कोंबले जातात आणि एक आवडला नाही की माणूस सगळेच सोडतो.

रहस्यकथा: मराठीत हे नाव निघालं की बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर पुस्तकं, झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे गाजलेले नायक. आज ती वाचायची ती वेगासाठी: छोटी पुस्तकं, लगेच घटना, वेषांतर, पाठलाग. वाचकाने पुरावे जोडून गुन्हेगार ओळखावा अशी रचना त्यांत शोधू नका, शोधलीत तर निराशा होईल. ती गंमत हवी असेल तर शेरलॉक होम्सच्या कथांचे मराठी अनुवाद घ्या, किंवा सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांचे. फेलूदा घरात शाळेतल्या मुलालाही देता येतो, म्हणजे एका पुस्तकावर दोन वाचक.

गूढकथा: रत्नाकर मतकरी. 'खेकडा' हा संग्रह घ्या. भीती इथे पडक्या वाड्यातून येत नाही, साध्या घरातून, शेजारातून, लहान मुलाच्या वागण्यातून येते, आणि बहुतेक कथांचा फास शेवटच्या परिच्छेदात आवळतो. म्हणून एका बैठकीत एकच कथा. सलग तीन वाचल्या की तिसरीत शेवट आधीच ताडायला लागतो आणि मजा जाते. शेवटचं पान आधी चाळायची सवय असेल तर या प्रकारापुरती ती बंद ठेवा.

भयकथा: नारायण धारप. 'समर्थ' या पात्राच्या कथांपासून सुरुवात करा, कारण तिथे दुष्ट शक्तीसमोर उभा राहणारा कोणीतरी आहे, नवख्या वाचकाला आधार मिळतो. ज्यांत असा कोणी नाही अशा त्यांच्या कादंबऱ्या नंतर. आणि हे 'आडव्याच्या वेळेत' ठेवू नका, झोपेचा प्रश्न उलट बाजूने सुटेल.

विज्ञानकथा: जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' (१९७९). कथासंग्रह आहे, सकाळच्या गाडीला बरोबर बसतो. त्यांनी पहिली कथा 'कृष्णविवर' ही १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती (स्वतःची आद्याक्षरं उलटी करून), आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांवर नावाचा दबाव येऊ नये हा हेतू. कथा आवडल्या तर पुढे 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला' या कादंबऱ्या. त्यानंतर लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे.

इथे लोक अडखळतात ते कुठे, तर मराठी विज्ञानकथेला मध्येच थांबून विज्ञान समजावून सांगायची खोड आहे. कोणीतरी शास्त्रज्ञ दुसऱ्याला दोन पानं सिद्धान्त सांगतो. पहिल्या वाचनात ती दोन पानं अर्धवट समजली तरी पुढे जा. कथेला त्यातली साधारण एक गोष्ट लागते आणि ती शेवटी पुन्हा येतेच.

ग्रंथखिडकी

वाचनालयाबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. जवळपास दोन ग्रंथालयं असतील तर वर्ग विचारून घ्या, वरच्या वर्गात संग्रह मोठा असण्याची शक्यता जास्त. अनामत रक्कम परत मिळते, वर्गणी मिळत नाही. एका वेळी किती पुस्तकं, किती दिवस आणि मुदत किती वेळा वाढते, हे तीन प्रश्न नाव नोंदवतानाच विचारा.

नवे प्रकार वाचायचे असतील तर सगळ्यात मोठा अडथळा खिडकी हाच. खिडकीवर उभं राहून पुस्तक मागायचं म्हणजे नाव आधी माहीत हवं, आणि माहीत असतात ती जुन्याच प्रकारातली. म्हणून 'मुक्तद्वार आहे का' हे विचारा. कपाटापर्यंत जाता येत असेल तर हे आकडे लक्षात ठेवा. दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात मराठी साहित्य ८९१.४६ वर असतं. त्यापुढे १ आला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध आणि ललित. म्हणजे तुमचा आजवरचा मुक्काम ८९१.४६३ समोर, आणि नाटकं बहुधा हातभर डावीकडे. प्रवासवर्णनं ९१० च्या आसपास, चरित्रं ९२० ला. लहान ग्रंथालयं आकड्यांऐवजी नुसती 'कादंबरी', 'कथा', 'नाटक', 'ललित' अशी पाटी लावतात. तिथे विज्ञानकथा आणि गूढकथा 'कथा'मध्ये आडनावाप्रमाणे विखुरलेल्या असतात, वेगळं कपाट शोधू नका.

मुक्तद्वार नसेल तर दोन युक्त्या. परत आलेली, अजून कपाटात न गेलेली पुस्तकं टेबलावर असतात, ती चाळू द्या म्हणावं. ती नुकतीच कोणीतरी वाचलेली असतात, हीच निवड. दुसरी: नाव न सांगता माप सांगा. 'दीडशे पानांच्या आत, कथा, फार जुनी भाषा नको.' ग्रंथपालाला हे 'काहीतरी चांगलं द्या' पेक्षा कितीतरी सोपं जातं.

एका वेळी दोन पुस्तकं मिळत असतील तर एक ओळखीच्या प्रकारातलं आणि एक नवं. दोन्ही नवी नेऊ नका, दोन्ही फसली तर पंधरवडा कोरडा जातो. एकच मिळत असेल तर ते नवं घ्या, ओळखीचं घरच्या कपाटात असतंच.

गाडीसाठी एक बारीक गोष्ट. ग्रंथालयात पुन्हा बांधणी केलेलं पुस्तक (रेक्झिनची पाठ, आतली शिवण घट्ट) एका हातात उघडं राहत नाही. आतला समास शिवणीत जातो आणि ओळींची टोकं दिसत नाहीत. घेण्याआधी मधलं पान उघडून अंगठ्याने धरून पाहा.

आणि दिवाळी अंक. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नमुना चाखायची याहून सोयीची जागा मराठीत नाही: एकाच अंकात कथा, कविता, लेख, प्रवास, व्यंगचित्रं. विकत घ्यायचा तर अंकाला दोनशे ते चारशे रुपये पडतात, पण बरीच ग्रंथालयं दिवाळीनंतर वेगळी वर्गणी घेऊन काही महिने अंक फिरवतात. त्या योजनेत सुरुवातीलाच नाव द्या, कारण नामांकित अंक पहिल्या पंधरवड्यात हातोहात जातात. रहस्य-गूढासाठी 'धनंजय' आणि 'नवल' यांचे जुने अंक मागा, कपाटाच्या वर गठ्ठे बांधून ठेवलेले असतात.

पानखूण

हातभर डावीकडे! इतकी वर्षं त्या कपाटाशी कोणी वळलंच नाही आमच्या घरातलं.

शंका: गाडीत फोनवर वाचलं तर चालेल का? पीडीएफ उघडून पाहिली, अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, दर ओळीला बोट सरकवावं लागतं. आणि कथा तर कथा, पण ऐतिहासिक कादंबऱ्यांची आवड असणाऱ्याला त्याच वाटेने पुढे कुठे जाता येईल?

निंबोणी

फोनचं मी सांगते. पीडीएफमध्ये पान जसं छापलंय तसंच राहतं, म्हणून ओळ बाहेर जाते. ई-पब किंवा किंडलवरची ई-पुस्तकं पडद्याच्या मापाने ओळी पुन्हा मांडतात. विकत घेताना किंवा उतरवताना ई-पब आहे का पाहा. पीडीएफच मिळत असेल तर फोन आडवा धरा आणि वाचणाऱ्या अॅपमध्ये समास कापायची सोय असेल तर ती वापरा. त्यानेच अक्षर बरंच मोठं होतं.

जुन्या मराठी पीडीएफची आणखी एक भानगड: काही नुसती छायाचित्रं असतात, काही युनिकोड (सगळीकडे चालणारी आजची अक्षरपद्धत) येण्याआधीच्या फाँटमध्ये. दिसायला ठीक, पण शब्द शोधला तर सापडत नाही आणि फोनला 'वाचून दाखव' म्हटलं की भलतंच काही ऐकू येतं. फोन बिघडलेला नाही, फाइल तशी आहे.

वाचताना इंटरनेट बंद करा, नुसता आवाज नव्हे. वर पट्टी सरकली की नजर जातेच.

ऐकण्याबद्दल: अडीचशे पानांचं पुस्तक म्हणजे साधारण ६५-७० हजार शब्द, ते सात-आठ तासांत ऐकून होतं. स्वयंपाक आणि भांडी मिळून रोज पाऊण तास धरला तर दहा-अकरा दिवस. आत्मचरित्र, प्रवास, रहस्य, विनोद ऐकायला उत्तम. जी. ए. कुलकर्णींची कथा मात्र फोडणी देता देता ऐकू नका. त्यांच्या एकेका वाक्यात तीन प्रतिमा असतात, कुकरची शिटी झाली की दोन निसटतात. झोपताना ऐकायचं तर पंधरा मिनिटांनी बंद होईल असं लावून ठेवा, नाहीतर सकाळी उठून प्रकरण शोधत बसाल.

आडवाट

ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाने एकदम परग्रहावर उडी मारायची गरज नाही. काळ तोच ठेवून प्रकार बदला, हा सगळ्यात कमी त्रासाचा रस्ता.

पानिपतावरची कादंबरी वाचली असेल तर 'भाऊसाहेबांची बखर' घ्या. बखर म्हणजे कादंबरीचा कच्चा माल, पण भाषेचा ठेका असा की मोठ्याने वाचावी. पहिली आठ-दहा पानं फारसी शब्द अडवतील. प्रत्येक शब्द शोधत बसू नका, मागे शब्दार्थ दिलेली संपादित आवृत्ती मागा. त्यानंतर त्र्यं. शं. शेजवलकरांचा 'पानिपत : १७६१'. एकाच लढाईकडे कादंबरीकार, बखरकार आणि इतिहासकार कसे बघतात हे एकदा पाहिलं की कादंबरी वाचायची नजरच बदलते.

१८५७ साठी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. हे प्रवासवर्णन आहे, आत्मकथन आहे आणि इतिहासाचं साधनही. शिवाय जाड नाही. एका पुस्तकात तीन प्रकार चाखून होतात.

महाभारतावरच्या कादंबऱ्या आवडत असतील तर इरावती कर्वे यांचं 'युगान्त' (साहित्य अकादमी पुरस्कार, १९६८). एकेका व्यक्तीवर एकेक लेख: गांधारी, कुंती, द्रौपदी. क्रमाने वाचायची सक्ती नाही. कर्णावरचा लेख मात्र पहिला घेऊ नका. कादंबऱ्यांनी घडवलेला कर्ण मनात असेल तर भांडण होईल आणि पुस्तक मिटेल. कुंतीपासून सुरू करा.

छोट्या कादंबऱ्या: विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). पहिलीत युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, युद्धाच्या तोंडावर. दुसरीत माणदेशातलं धनगरांचं गाव आणि तिथे आलेला तरुण मास्तर. दोन्ही तुमच्या संध्याकाळच्या गाडीत पंधरा दिवसांत होतील. 'बनगरवाडी'त बोली कानाला सवयीची नसेल तर पहिली पाच पानं ओठ हलवून वाचा, मग ती आपोआप ऐकू यायला लागते.

निसर्गलेखनात दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' म्हणजे बारा महिन्यांवरचे बारा लेख, चैत्रापासून. हे पुस्तक सलग वाचणं चूक. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मराठी महिना बदलला की त्या महिन्याचा लेख काढायचा आणि खिडकीबाहेरच्या झाडाशी ताडून बघायचा. वर्षाला बारा बैठका फक्त. अरण्यात शिरायचं असेल तर मारुती चितमपल्ली, 'रानवाटा'.

नाटक वाचणं वेगळं कसब आहे, आणि बहुतेक जण पहिल्या दहा पानांतच सोडतात, कारण कोण बोलतंय ते समजत नाही. पात्रयादी आधी चिठ्ठीवर उतरवा. कंसातल्या सूचना वगळू नका, पडदा उघडल्यावर दार कुठे आणि माजघर कुठे हे एकदा कागदावर काढा. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'ला वंशवृक्ष काढल्याशिवाय हात घालू नका, विदर्भातलं मोठं कुटुंब आहे. तीन नाटकांच्या मालिकेतलं हे पहिलं, एकटंही पुरेसं उभं राहतं. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणखी सोपं पडेल: एक खोली, एक खोटा खटला, आणि तो खरा कधी झाला ते पान शोधत मागे जावं लागतं. नाटक तुकड्यांत वाचू नका. दोन-तीन अंकांना दीड-दोन तास लागतात, रविवारची दुपार त्याला द्या.

प्रश्न तीन. 'पन्नास पानं वाचा आणि सोडा' हा नियम सरसकट लावणं मला पटत नाही. ऐतिहासिक कादंबरीत पहिली पन्नास पानं वंशावळीतच जातात, तर 'रणांगण'मध्ये तेवढ्यात निम्म्याच्या आसपास पोचाल. पुस्तकाच्या दहाव्या भागापर्यंत (शंभर पानांतली दहा) जा, बोलीतलं असेल तर पाचव्या भागापर्यंत (शंभरातली वीस). कथासंग्रहाला तीन कथांची संधी: पहिली, सगळ्यात छोटी आणि जिचं नाव संग्रहाला आहे ती. नाटकाला पहिला अंक.

घड्याळजी

आडवाट यांच्या दहाव्या भागाला माझी हरकत आहे. ताईंची कादंबरी ७०० पानी, दहावा भाग ७० पानं, त्या १२० वर आहेत. तुमच्या नियमाने 'सोडा' किंवा 'आवडली' यांपैकी एक निकाल लागायला हवा. पण आवडली की नाही हे रोज दोन पानं वाचून कळणारच नाही. सोडण्याआधी एकदा सलग दीड तास द्या. त्यातही रेंगाळली तर बिनधास्त परत करा.

आडवाट

मान्य. आधी वेळ बदलून बघा, मग पुस्तक.

निंबोणी

कविता राहिली. बहिणाबाई चौधरींपासून. संग्रह पहिल्यांदा १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आला. खानदेशी बोली आहे, डोळ्यांनी वाचली तर परकी वाटेल, मोठ्याने म्हटली तर अर्थ अर्ध्याहून अधिक कळतो. मग इंदिरा संत. मर्ढेकर आणि कोलटकर त्यानंतर, तेही एका वेळी एकच कविता आणि लागोपाठ तीन रात्री तीच. कविता 'समजली' की नाही याची परीक्षा घेऊ नका, तिसऱ्या रात्री एखादी ओळ न बघता आठवली तर पुढच्या पानावर जा. संग्रह संपवायचा नसतो, तो उशाशी असतो. म्हणून हे एकच पुस्तक वाचनालयातून न आणता विकत घ्या, पंधरा दिवसांची मुदत कवितेला पुरत नाही.

पानखूण

सगळ्यांचे आभार. असं ठरवते: सकाळी 'यक्षांची देणगी', संध्याकाळी 'रणांगण', उशाशी बहिणाबाई. सातशे पानी कादंबरीला या रविवारी सलग दीड तास, चिठ्ठीसकट. एकच अडचण, वाचनालयात एका वेळी एकच पुस्तक मिळतं.

ग्रंथखिडकी

घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावाने सभासदत्व घ्या, अनामत परत मिळतेच. मुलाच्या नावाने बालविभाग असेल तर वर्गणी आणखी कमी, आणि फेलूदा तिथेच सापडेल. सोसायटीत किंवा ऑफिसात वीस-पंचवीस वाचक जमत असतील तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाची चौकशी करा. ग्रंथपेटी येते, ती गटात फिरते आणि ठरावीक काळाने बदलून मिळते. पेटीत काय येणार ते आपल्या हातात नसतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी ते चांगलंच.

आणि पाचगणीकडे जाणं झालं तर भिलारला एक दिवस ठेवा. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तकं मांडलेली. ज्या प्रकाराची धास्ती वाटते त्याच घरात आधी शिरा. बसून वाचायचं असतं, पैसे पडत नाहीत. जाताना जवळचा चष्मा विसरू नका.